कॉक्लिअर इम्प्लांट : कोणासाठी, केव्हा आणि कोणाच्या निर्णयाने?

वृद्धांच्या श्रवणदोषाविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे स्वरूप अलीकडे बदलले आहे. पूर्वी विचारणा असे ती श्रवणयंत्राची. कोणते घ्यावे, कानाच्या आत बसणारे की कानामागे लावायचे, आणि आजोबा ते काढून कपाटात ठेवून देतात त्यावर उपाय काय? आता अनेक पत्रांत ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ हा शब्द येतो. आईचे वय ७४, दोन्ही कानांना शक्तिशाली यंत्रे, तरीही समोरच्याचे बोलणे उमगत नाही. डॉक्टरांनी इम्प्लांटचा विचार करावयास सांगितले आहे. धाकट्या मुलाला ते पटते, थोरल्याला या वयात शस्त्रक्रिया नको वाटते. त्यातच कोणीतरी सांगते की, परदेशांत कर्णबधिर माणसांनीच या उपचाराला विरोध केला होता. मग खरे काय मानायचे, असा प्रश्न पत्राच्या अखेरीस असतो.

विरोध झाला होता हे खरे आहे, आणि तो अज्ञानातून झालेला नव्हता. परंतु तो वाद प्रामुख्याने जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकांविषयी होता. आयुष्यभर बोलून-ऐकून उतारवयात श्रवणशक्ती गमावलेल्या व्यक्तीची गोष्ट निराळी आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कुटुंबे एकतर विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण भुलतात. म्हणून आज दोन्ही बाजू क्रमाने पाहू.

आवाज येतो, शब्द कळत नाही

वार्धक्यातील श्रवणदोषाची सुरुवात बहुधा उंच पट्टीच्या ध्वनींपासून होते. स्वर हे तुलनेने खालच्या पट्टीतले आणि भारदस्त असल्याने ते कानी पडत राहतात. परंतु स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांचे नाजूक घर्षण हरवते. परिणामी ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘पाट’ आणि ‘ताट’ यांतील भेद पुसट होतो. ‘‘मला ऐकू येते, पण तुम्ही नीट बोलत नाही,’’ ही वृद्धांची तक्रार घरातल्यांना हेकेखोरपणाची वाटते. वास्तविक ती त्यांच्या स्थितीचे अचूक वर्णन असते. आणखी एक अनुभव अनेक घरांत येतो. हळू बोलले तर ‘काय?’ असे विचारले जाते आणि मोठ्याने बोलले तर ‘ओरडू नकोस’ असे उत्तर मिळते. यातही विक्षिप्तपणा नाही. आतल्या कानाला इजा झाली की ऐकू येण्याची किमान पातळी वर चढते, पण असह्य वाटण्याची पातळी तेथेच राहते. त्या दोहोंमधली जागाच अरुंद होते.

याचे मूळ आतल्या कानात आहे. तेथे गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा कॉक्लिया नावाचा अवयव असतो. त्यात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करून ते श्रवणमज्जातंतूकडे सोपविणे हे त्यांचे काम. मनुष्यामध्ये या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. वाढते वय, वर्षानुवर्षांचा कारखान्यातील गोंगाट, काही विशिष्ट औषधे आणि आनुवंशिकता ही त्यांच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे होत.

श्रवणयंत्र ध्वनी मोठा करून याच केशपेशींपर्यंत पोहोचविते. काही पेशी शिल्लक असतील तोवर त्याचा उत्तम उपयोग होतो. पण बहुतेक पेशी गेल्या असतील तर ध्वनी कितीही वाढविला तरी केवळ गलका वाढतो, अर्थ वाढत नाही. अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. कानामागे लावलेला मायक्रोफोन ध्वनी टिपतो, प्रोसेसर त्याचे पृथक्करण करतो, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती तो संदेश त्वचेखाली बसविलेल्या भागाकडे पाठविते, आणि तेथून कॉक्लियात सरकविलेली बारीक विद्युत्तार थेट मज्जातंतूला चेतविते. केशपेशींना वळसा घालून जाणारा हा मार्ग आहे.

वाद कशाचा होता?

विजेच्या साहाय्याने श्रवणमज्जातंतू चेतविण्याचा प्रयोग १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी केला. १९६१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस यांनी रुग्णांवर इम्प्लांटच्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांनी, तर १९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी अनेक विद्युदग्रे असलेली उपकरणे विकसित करून बसविली. क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना होणारी त्यांची कुचंबणा मुलाने लहानपणापासून पाहिली होती. म्हणजे या शोधाच्या मुळाशी, मोठेपणी ऐकू येईनासे झालेल्या माणसाची व्यथाही होती.

वाद पेटला तो बालकांवरून. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८४ मध्ये प्रौढांसाठी आणि १९९० मध्ये २ वर्षांवरील मुलांसाठी इम्प्लांटला मान्यता दिली. त्यानंतर १९९१ साली तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांविषयीच्या त्या निर्णयाचा कठोर शब्दांत निषेध केला. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेपर्यंत मागे जावे लागते. कर्णबधिर मुलांना शिकविताना खुणांच्या भाषेपेक्षा मौखिक पद्धतच श्रेष्ठ, असा ठराव तेथे झाला आणि पुढील कित्येक दशके अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. हातांनी बोलणाऱ्या मुलांचे हात अडविले गेले. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने तो व्यक्त केला.

ही आठवण बाळगणाऱ्या समाजाला इम्प्लांटमध्ये जुन्याच हट्टाचे नवे रूप दिसले. आम्ही आजारी नाही. आमची स्वतःची भाषा आहे, विनोद आहे, नाटक आहे. आम्हांला दुरुस्त करण्यापेक्षा आमच्या भाषेत शिकवा, असे ते म्हणत. ज्याला अद्याप बोलता येत नाही अशा बालकाच्या वतीने हा निर्णय कोणी घ्यावा, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच सबळ होते. ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात; त्या घरात खुणांची भाषा कोणालाच येत नसते. मेंदूचे भाषाग्रहणाचे पहिले काही वर्षांचे दार एकदा मिटू लागले की इम्प्लांटचाही लाभ उणावतो. मूल मोठे होऊन स्वतः निर्णय घेईपर्यंत थांबणे, हासुद्धा एक निर्णयच ठरतो.

२००० साली त्याच संघटनेने आपली भूमिका बदलली. इम्प्लांट हे अनेक साधनांपैकी एक आहे, आईवडिलांना निवडीचा हक्क आहे, मात्र त्यांना पूर्ण माहिती मिळाली पाहिजे आणि खुणांची भाषा नाकारली जाऊ नये, असा तिचा नवा आशय होता. आज जाणते लोक बहुधा या मध्यम मार्गावर आहेत. मूल यंत्राने ऐको वा हातांनी बोलो, पहिल्या काही वर्षांत त्याला कोणती तरी भाषा पूर्णपणे मिळालीच पाहिजे. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेची दखल घेतली आहे, आणि भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राने १० हजार शब्दांचा कोश सिद्ध केला आहे. नातवंडाच्या कानांविषयी चिंता असलेल्या आजी-आजोबांनी एवढे लक्षात ठेवावे की, अशा बाळाची तपासणी पहिल्या काही महिन्यांतच व्हावी. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ या समजुतीत मोलाची वर्षे जातात. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना आहे. मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत त्याविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

आजी-आजोबांची गोष्ट वेगळी का?

ज्या व्यक्तीने ७० वर्षे मराठी ऐकली आहे, तिच्या मेंदूत त्या भाषेचा संपूर्ण साठा सुरक्षित असतो. इम्प्लांटमधून येणारा ध्वनी आरंभी कितीही कृत्रिम वाटला, तरी मेंदू त्याची ओळख जुन्या शब्दांशी पटवून देऊ शकतो. भाषाच मिळणार नाही, ही बालकांबाबतची भीती येथे उद्भवत नाही. बहुतेक वृद्धांचे नातेवाईक, शेजारी, भजनी मंडळ हे सारे बोलण्या-ऐकण्याच्या जगातले असते. तेच त्यांचे जग. म्हणून कर्णबधिर समाजाच्या आक्षेपांतील अस्मितेचा भाग त्यांना सहसा लागू पडत नाही.

परंतु त्या वादातला एक धागा वृद्धांनाही तंतोतंत लागू पडतो, तो म्हणजे संमतीचा. बालकाच्या वतीने निर्णय घेताना जो नैतिक प्रश्न उभा राहतो, तो वृद्धाच्या बाबतीत उद्भवू नये, कारण वृद्ध व्यक्ती स्वतः बोलू शकते. तरीही घरोघरी काय घडते? डॉक्टरांच्या खोलीत आई खुर्चीवर बसलेली असते आणि सर्व संभाषण मुलगा व डॉक्टर यांच्यात होते. तिला ऐकू येत नाही म्हणून तिच्याशी बोलले जात नाही, आणि बाहेर आल्यावर ‘‘तुझे ऑपरेशन ठरले आहे’’ असे सांगितले जाते. किंवा याच्या उलट, ‘‘आता या वयात कशाला’’ असे म्हणून विषय तिच्यापर्यंत पोहोचूच दिला जात नाही. दोन्ही प्रकारांत तिचा अधिकार डावलला जातो.

माझ्या परिचयाच्या दोन वृद्ध भगिनींचे उदाहरण देतो. धाकटीने ७१ व्या वर्षी इम्प्लांट करून घेतले. पहिले दोन महिने तिला घरातले सगळे जण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटत. ती रोज नातवाकडून वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचून घेई आणि स्वतः त्याच ओळींवरून बोट फिरवी. सहा महिन्यांनी ती दूरध्वनीवर मुलीशी बोलू लागली. मात्र आवडीचे नाट्यसंगीत तिला पूर्वीसारखे ऐकू येत नाही, याचे दुःख तिने लपविले नाही. थोरलीने सर्व तपासण्या करून, सर्व ऐकून घेऊन, नकार दिला. हृदयविकार होता, रुग्णालयाच्या वाऱ्या नकोशा झाल्या होत्या. तिने पाटी-पेन्सिल जवळ ठेवली आणि घरातल्यांना बजावले की, जे काही बोलाल ते माझ्यासमोर बसून बोला. कुटुंबाने ते पाळले. दोघींचेही निर्णय मला योग्य वाटतात, कारण दोघींनी ते स्वतः घेतले.

निर्णयापूर्वी जाणून घ्यावे असे काही

सर्वप्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करावी. कानातला साधा मळ किंवा मधल्या कानाचा विकार हेही कमी ऐकू येण्याचे कारण असू शकते आणि त्यांवरील उपाय अगदी निराळे असतात. त्यानंतर श्रवणतज्ज्ञांकडून ऑडिओग्राम आणि शब्द ओळखण्याची चाचणी होते. इम्प्लांटच्या निर्णयात ही दुसरी चाचणी फार महत्त्वाची असते. योग्य रीतीने बसविलेले यंत्र लावूनही किती शब्द उमगतात, हे तिच्यातून कळते. यंत्र नीट जुळविलेले नसताना ‘यंत्राचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे.

केवळ वयामुळे इम्प्लांट नाकारले जात नाही. भूल सोसण्याइतकी प्रकृती असली पाहिजे. मात्र कान किती वर्षे निःशब्द राहिला आहे, याला महत्त्व आहे. जितका काळ मज्जातंतू आणि मेंदूचा श्रवणभाग बिनवापर राहतो, तितके यश कमी होण्याचा संभव असतो. म्हणून ‘आणखी पाच वर्षे पाहू’ हा सल्ला निरुपद्रवी मानू नये.

शस्त्रक्रिया साधारणपणे दोन-तीन तासांची असते. चक्कर, चवीत बदल, जंतुसंसर्ग असे धोके संभवतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होणे हे विरळा घडते. त्या कानात उरलेसुरले नैसर्गिक ऐकणे असेल तर ते गमावण्याची शक्यता असते. मेंदुज्वराच्या जोखमीमुळे न्युमोकोकल लस आधीच घ्यावी लागते. आत लोहचुंबक असल्याने पुढे एमआरआय करण्याची वेळ आल्यास इम्प्लांटची माहिती आधी द्यावी लागते. सर्वच उपकरणांसह ती तपासणी सरसकट करता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच ऐकू येऊ लागेल, अशी अपेक्षा बाळगू नये. जखम भरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचा भाग जोडून यंत्र सुरू केले जाते. त्यानंतर अनेक महिने त्याची जुळवणी आणि ऐकण्याचा सराव चालतो. निसर्गाने दिलेल्या १५ हजार केशपेशींचे काम येथे १२ ते २२ विद्युदग्रांवर सोपविलेले असते. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर सूर निघतो, पण दोन सुरांमधली मींड निघत नाही. तसेच काहीसे येथे होते. शांत खोलीत एकाशी बोलणे बहुतेकांना चांगले जमते, लग्नाच्या मांडवातला कोलाहल मात्र कठीणच राहतो, आणि संगीताचा आनंद अनेकांना उणा वाटतो.

खर्चाचा विचार उघडपणे व्हावा. एका कानाचा खर्च कित्येक लाखांचा असतो. बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बदलणे हा भार पुढेही चालू राहतो. शासनाचे इम्प्लांट-साहाय्य मुख्यतः लहान मुलांसाठी आहे, हे वृद्धांच्या कुटुंबांनी ध्यानात घ्यावे. श्रवणयंत्रांसाठी मात्र गरजू ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेचा, तर महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहित्यखरेदीसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा आधार मिळू शकतो.

बहिरेपणामुळे स्मृतिभ्रंश होतो म्हणून तातडीने यंत्र घ्या, असेही आता सांगितले जाते. त्यातले तथ्य नेमकेपणाने जाणावे. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींना तीन वर्षे पाहिले गेले. श्रवणयंत्रांमुळे सर्वांचा मिळून बौद्धिक ऱ्हास लक्षणीय प्रमाणात मंदावला नाही. परंतु ज्यांना आधीपासून अधिक धोका होता अशा गटात तो ४८ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे आशेला जागा आहे, पण ही चाचणी श्रवणयंत्रांची होती आणि हमी कोणालाच देता येत नाही.

यंत्र असो वा नसो

आपल्या नाटकांत बहिरा म्हातारा हे हमखास हशा मिळविणारे पात्र आहे. घरातही ऐकण्यातल्या गफलतीवर हसू येते. आरंभी वृद्ध माणूसही त्या हसण्यात सामील होतो. पुढे तो प्रश्न विचारणे थांबवितो, मग ओळखीच्यांकडे जाणे थांबवितो, आणि शेवटी न कळताही ‘हो, हो’ म्हणू लागतो. औषधाची मात्रा समजावून सांगतानाही हे ‘हो, हो’ आले, तर तेथे खरा धोका आहे.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी काही सवयी लावून घ्याव्यात. बोलण्यापूर्वी हलकेच हात लावून लक्ष वेधावे. तोंडावर उजेड पडेल असे समोर बसावे. स्वयंपाकघरातून, पाठमोरे राहून बोलू नये. दूरदर्शन संच आणि मिक्सर बंद करावा. न ओरडता, थोडे सावकाश बोलावे. एखादे वाक्य दोनदा कळले नाही तर तेच तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलून पाहावेत. आकडे, नावे, औषधांच्या वेळा लिहून द्याव्यात. बोललेले मराठी शब्द मोबाइलच्या पडद्यावर उमटविण्याची सोयही आता आहे. नातवंडांनी ती आजोबांना शिकवावी. आणि ‘‘जाऊ दे, काही विशेष नाही’’ हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे. कमी ऐकू येणाऱ्याला आपण अडगळ झालो आहोत असे वाटावे, यासाठी एवढे एकच वाक्य पुरेसे होते.

एक सूचना तातडीची आहे. एका कानाचे ऐकू येणे एखाद्या रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक बंद झाले, तर ते वयाचे लक्षण समजून घरी बसू नये. शक्यतो त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. अशा बहिरेपणावरील उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते.

इम्प्लांटचा सल्ला मिळालेल्या कुटुंबाने डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्र लावून शब्द ओळखण्याचे सध्याचे प्रमाण किती आहे? आमच्या बाबतीत कोणत्या सुधारणेची वाजवी अपेक्षा ठेवता येईल? आणि शस्त्रक्रियेनंतरचा सराव कोठे, किती काळ आणि कोणाकडून होईल? हे प्रश्न व त्यांची उत्तरे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद प्रथम ज्यांच्या कानांचा हा प्रश्न आहे त्यांच्या हाती द्यावा. त्यांनी तो वाचावा, हवे तितके दिवस जवळ ठेवावा आणि मग उत्तर द्यावे. ते उत्तर ऐकण्याची जबाबदारी आपली, म्हणजे ज्यांना चांगले ऐकू येते त्यांची.